किल्ली फ्रिजमध्ये ठेवा : लघुपट स्पर्धांच्या संयोजकांना खुलं पत्र

पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन लघुपट स्पर्धांच्या सर्व संयोजकांना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला मी परीक्षक होतो. कोणत्या ते लिहीत नाही. ज्यांनी बोलावलं त्यांनी पोहे, चहा, शाल आणि पाकीट सगळं वेळेवर दिलं, त्यांच्यावर माझा राग नाही. तक्रार परीक्षकांबद्दल आहे, म्हणजे आधी स्वतःबद्दल, आणि मग तुमच्या अर्जाच्या नमुन्याबद्दल. तो नमुना सगळ्या स्पर्धांचा जवळपास सारखाच असतो, म्हणून पत्रही सगळ्यांनाच.

दोन दिवसांत आम्ही तिघांनी चाळीसेक लघुपट पाहिले. त्यात झेड ब्रिज सात वेळा येऊन गेला. वेताळ टेकडीवरचा सूर्यास्त मी पाचापर्यंत मोजला आणि सोडून दिलं. पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट वेगळी आहे. चाळिसातल्या आठ लघुपटांचा नायक स्वतःच लघुपट करणारा विद्यार्थी होता. विसाव्या वर्षी कॅमेरा हातात आला आणि आजूबाजूला फारसं काही दिसत नसलं, तर माणूस आरशापुढे उभा राहतो. त्यात वाईट काही नाही. मीही उभा राहिलो होतो, ते पुढे येईलच.

वाईट वाटलं ते आठही जणांची गोष्ट एकच निघाली म्हणून. मुलगा हुशार. वडील म्हणतात, हे धंदे बंद कर. कॉलेजात हजेरी नाही. मित्राशी भांडण होतं, मैत्रीण सोडून जाते, आई गुपचूप पाटल्या काढून देते. शेवटी अंधारलेल्या हॉलमध्ये टाळ्या, आणि सगळ्यात मागे उभे राहून वडील चष्मा पुसतायत. पार्श्वभूमीला बासरी. (एकात सतार होती. त्याला मी अर्धा गुण जास्त दिला.) या गोष्टीत मित्र, मैत्रीण, आई ही सगळी मंडळी पायऱ्यांसारखी येतात. नायक वर चढतो आणि पायऱ्या तिथेच राहतात.

पहिला क्रमांक आम्ही ज्याला दिला, तो या आठांतलाच. चांगला होता हे आधी सांगतो. त्या मुलाला कॅमेरा कुठे ठेवायचा ते कळतं आणि कुठे थांबायचं तेही कळतं, जे माझ्या वयाच्या पुष्कळांना अजून जमलेलं नाही. त्यात एक प्रसंग आहे. नायक आपल्या नायिकेला रात्री नदीपात्रात, भिडे पुलाच्या जरा खालच्या अंगाला, गुडघाभर पाण्यात उभं करतो. टेक होतो. तो म्हणतो, 'परत.' ती कुडकुडायला लागते. 'परत.' आता तिचे दात वाजल्याचं ऐकू येतं. 'परत.' बाराव्या टेकला ती खरोखर रडते आणि तो अगदी हळू म्हणतो, 'कट.' त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा असं काही हसू येतं की बघणाऱ्याने म्हणावं, हा पोरगा पुढे जाणार. आम्ही तिघांनीही नऊच्या पुढचे आकडे लिहिले.

बक्षीस समारंभानंतर चहापाशी ती टोळी भेटली. मी सहज विचारलं, पाण्यातला सीन कसा केलात रे? सगळे हसायला लागले. 'सर, तसाच केला.' तसाच म्हणजे? म्हणजे पडद्यावरच्या दिग्दर्शकाचे बारा टेक मिळवायला खऱ्या दिग्दर्शकाने अठरा घेतले होते. जानेवारीत, रात्री एक ते साडेचार. पाणी मुठेचं, आणि मुठा शहरातून जाताना तिच्यात काय काय वाहत असतं हे पुणेकराला सांगायला नको. मुलगी चार दिवस तापाने पडून होती. हे सांगत ती स्वतःच होती, आणि कौतुकाने. 'पण सर, फ्रेम बघितलीत ना?'

फ्रेम बघितली होती. फ्रेमच्या बाहेर, तिच्या तोंडावर उजेड यावा म्हणून, एक मुलगा एलईडी पॅनल डोक्याच्या वर धरून तेवढाच वेळ पाण्यात उभा होता. तोही तिथेच होता, पारले बुडवून खात. मी विचारलं, पॅनल बॅटरीवरचं होतं ना? म्हणाला, 'बॅटरी तिसऱ्या टेकला उतरली सर. मग वरच्या टपरीवरनं एक्स्टेंशन घेतलं. जोड पाण्यात पडू नये म्हणून वायर गळ्यात गुंडाळून घेतली होती.' आणि पुन्हा सगळे हसले. मी नाही हसलो, पण बोललोही काही नाही. हातात कप होता, समोर आनंदात असलेली पोरं होती, आणि तासाभरापूर्वी त्यांना टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

घरी येऊन त्या लघुपटाची श्रेयनामावली पुन्हा लावली. लेखन, दिग्दर्शन, संकल्पना, पटकथा अशा चार ओळींत एकच नाव चार वेळा. नंतर, 'प्रकाशयोजना : मित्रमंडळ'.

त्याच समारंभातली आणखी एक गोष्ट. निवेदिकेने, अतिशय गोड आवाजाच्या, सांगितलं की या लघुपटाच्या कॅमेऱ्याचं भाडं भरायला दिग्दर्शकाच्या आईने हातातल्या बांगड्या दिल्या. हॉल टाळ्यांनी भरून गेला. आई सातव्या-आठव्या ओळीत बसली होती, माझ्यापासून तीन खुर्च्यांवर. आजूबाजूच्यांनी वळून पाहिलं तशी तिने पर्स उघडली आणि काहीतरी शोधल्यासारखं केलं. टाळ्या थांबेपर्यंत ती शोधतच होती. तिचे हात मी तेव्हा पाहिले, कारण सगळेच पाहत होते. नुसत्या काचेच्या, हिरव्या. तिला कोणी विचारलं होतं का, की हे स्टेजवरून सांगू का म्हणून?

बांगड्यांची ही गोष्ट आपल्याला जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांपासून सांगतो आपण ती. १९१२ साली ते लंडनला जाऊन आले, कॅमेरा आणला, आणि पुढच्या वर्षी ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण आपण गोष्ट दागिन्यांपाशी थांबवतो, ती का? सरस्वतीबाईंनी दागिने दिले ते एका दिवसात दिले. बाकीचं काम त्यांनी रोज केलं. तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून तिला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड फेकायचा, आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाक. चादर धरून उजेड फेकणारी बाई म्हणजे आजच्या भाषेत लाइट विभाग. भोकं पाडणारी आणि फिल्म धुणारी म्हणजे लॅब. त्यांच्या दागिन्यांवर आपण एवढा जीव टाकतो, कारण दागिना हा त्याग आहे आणि त्यागाला मजुरी द्यावी लागत नाही.

फाळक्यांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. तारामतीचं काम करायला बाई मिळेना तेव्हा त्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना उभं केलं. साळुंक्यांना हॉटेलात महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ देऊ केले. जिद्दी माणूस होता, पण पगार देत होता.

आता माझं. २००४ चा मे महिना. मी तिसऱ्या वर्षाला होतो, आणि माझ्या लघुपटाचा नायक कोण असावा? बरोबर ओळखलंत. सदाशिव पेठेत एका मित्राच्या आजीचं घर होतं, वाड्यात, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आजी एकट्या राहायच्या. मित्र म्हणाला, आजीला विचारतो. आजी म्हणाल्या, या की, त्यात काय. तीन दिवसांचं शूट ठरलं. आम्ही अकरा जण. सोनीचा पीडी-१७० कॅमेरा दिवसाच्या भाड्याने आणलेला, तासातासाच्या टेपा, आणि बूमसाठी, म्हणजे नटांच्या डोक्यावर माइक धरायला, जळमटं काढायच्या झाडूची काठी, तिला चिकटपट्टीने बांधलेला माइक. आजींच्या स्वयंपाकघरात आई-मुलाचं भांडण घ्यायचं होतं.

शूटिंग म्हणजे काय ते आजींना पहिल्या दिवशीच कळलं. शूटिंग म्हणजे त्यांनी त्यांच्याच घराबाहेर बसायचं. लाकडी जमीन करकरायची, म्हणून 'आजी, तुम्ही जिन्यात बसता का थोडा वेळ?' थोडा वेळ म्हणजे सकाळी दहा ते दुपारी तीन. मधे आत येऊन त्यांनी अकरा जणांची खिचडी टाकली, आणि कुकरची शिट्टी टेकमध्ये येते म्हणून ती कुकर न लावता पातेल्यात शिजवली. दुसऱ्या दिवशी पिठलं-भात. तिसऱ्या दिवशी आंब्याचा रस, कारण 'पोरं दमलीयेत'. शेजारणीला कपडे वाळत घालू नकोस म्हणूनही त्यांनीच सांगितलं, बादलीचा आवाज येत होता.

आणि फ्रिज. जुन्या फ्रिजची घरघर माइकला सगळ्यात आधी ऐकू येते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी फ्रिजचं बटण बंद केलं. मीच केलं, हे बटण माझ्या अजून बोटात आहे. रात्री अकराला पॅक-अप झालं. टेपा मोजल्या, काठी झाडूला परत लावली, एकमेकांच्या पाठी थोपटल्या आणि निघून गेलो.

सकाळी मित्राचा फोन आला. फ्रिजखालून पाणी स्वयंपाकघरभर आलं होतं. दूध गेलं, विरजण गेलं, त्याचं काही नाही. आजींना मधुमेह होता. दारातल्या वरच्या कप्प्यात त्यांच्या इन्शुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या होत्या. मेमधलं पुणं, बंद फ्रिज, सोळा-सतरा तास. डॉक्टर म्हणाले, या आता वापरू नका, नव्या आणा. आजी मला काही बोलल्या नाहीत. 'होतं रे,' एवढंच. मित्राचे वडील बोलले. म्हणाले, पुढच्या वेळी स्वतःच्या आईच्या घरात शूटिंग करा. मला तेव्हा ते फार लागलं, आणि मी असंही ठरवून टाकलं की या लोकांना कलेतलं काही कळत नाही.

लघुपटाला दुसरा नंबर मिळाला. स्टेजवर माइक हातात आल्यावर मी प्राचार्यांचे आभार मानले, करंडक देणाऱ्या दुकानदाराचे मानले, आणि बोलता बोलता असंही म्हणालो की जिद्द असली की साधनं आपोआप येतात. आपोआप. आजी आलेल्या नव्हत्या, कोणी बोलावलंच नव्हतं.

पुढे मी दिग्दर्शक काही झालो नाही. ध्वनीकडे गेलो. गेली वीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांच्या घरातले पंखे, फ्रिज आणि कबुतरं बंद करत फिरतो. (कबुतरं बंद होत नाहीत.) या धंद्यात शिरल्यावर पहिल्याच सेटवर एका जुन्या रेकॉर्डिस्टने मला एक गोष्ट शिकवली. फ्रिज बंद केलास की आपल्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवायची. घरी निघताना खिसे चाचपशील, किल्ली मिळणार नाही, फ्रिज आठवेल. दुसऱ्याचं जे बंद केलंस त्याच्यात तुझं काहीतरी अडकवून ठेव, म्हणजे विसरणार नाहीस. एवढी साधी युक्ती मला २००४ साली कोणी सांगितली असती तर, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण फ्रिजची आठवण करून देणारं तेव्हा कोणी नव्हतं, हे तितकंसं खरं नाही. ते शेवटी सांगतो.

तुम्हाला सांगायचं आहे ते हे, की तुमचा अर्जही अशा एखाद्या किल्लीसारखा वापरता येईल. आज त्यात काय असतं? लघुपटाचं नाव, कालावधी, दिग्दर्शकाचं नाव, कॉलेजचं ओळखपत्र, शंभर शब्दांत कथासार, आणि संगीताच्या हक्कांचं हमीपत्र. ते हमीपत्र तुम्ही न विसरता घेता, कारण दुसऱ्याचं गाणं वापरलं तर उद्या नोटीस तुम्हाला येईल. दुसऱ्याचं स्वयंपाकघर वापरलं तर येत नाही.

तर एक पान वाढवा. त्यात विचारा की हे शूट कोणाच्या घरात, दुकानात, शेतात झालं, त्या माणसाचं पूर्ण नाव काय, आणि जाताना घर होतं तसं लावून दिलं का. जेवण कोणी केलं. वीज कुठून घेतली. रात्री दहानंतर काम चाललं असेल तर मुली घरी कशा पोचल्या, रिक्षाचे पैसे कोणी दिले. पाण्यात, गच्चीच्या कठड्यावर, चालत्या गाडीवर काही केलं असेल तर कॅमेऱ्यात न बघणारा, फक्त माणसांकडे बघणारा एक जण तिथे होता का, आणि तो कोण. आणि लाइट धरणाऱ्याचं नाव. मंडळाचं नको, त्याचं.

या पानाला गुण मात्र देऊ नका, हात जोडून सांगतो. गुण ठेवलेत की पुढच्या वर्षी घराघरांतल्या आज्यांच्या बनावट सह्या येतील, पुणं आहे हे. पान कोरं असेल तर प्रवेशिका घेऊ नका, बस. आणि प्राथमिक फेरीच्या दिवशी टीम भेटते तेव्हा परीक्षकांनी पहिला प्रश्न या पानावरचा विचारावा. 'तुमच्यावर प्रभाव कोणाचा?' हा प्रश्न नंतरही विचारता येतो. उत्तरं ठरलेली असतात, इराणी दिग्दर्शकांची असतात.

हे काही मी नवीन काढत नाहीये, आणि हे शिकायला आपल्याला गाव सोडूनही जावं लागत नाही. भरत नाट्य मंदिरात जा. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे, त्यात घसा फोडून आरोळ्या ठोकणारी पोरंसुद्धा हे जाणून असतात की नाटक उभं राहतं ते सेट ओढणाऱ्यांच्या जिवावर. आपल्याकडे पडदा वर जायच्या आधी नेपथ्य कोणाचं, प्रकाश कोणाचा, रंगभूषा कोणाची हे अंधारात मोठ्याने सांगितलं जातं. प्रयोगानंतर श्रमपरिहार होतो, आणि त्या शब्दातच श्रम आहेत. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये डिप्लोमा फिल्म एकट्या दिग्दर्शकाची नसते. छायाचित्रण, संकलन, ध्वनी या शाखांच्या विद्यार्थ्यांचाही तो डिप्लोमाच असतो, म्हणून तिथे चारही जण हक्काने भांडतात. आपल्या स्पर्धांत मात्र 'सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक' ही ट्रॉफी दोन हात उंच आणि ध्वनीला प्रमाणपत्र, तेही छापलेलं असलं तर. (हा माझा धंद्याचा राग आहे, सोडून द्या.)

ती इन्स्टिट्यूट १९६० साली ज्या जागेत सुरू झाली ती प्रभात फिल्म कंपनीची. कोल्हापुरात १९२९ ला पाच भागीदारांनी काढलेली कंपनी १९३३ साली पुण्यात आली, आणि १९३६ ला तिथेच 'संत तुकाराम' तयार झाला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. दामले ध्वनीचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे, म्हणजे दोघेही मुळात फ्रेमच्या बाहेर काम करणारे. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात तो गौरवला गेला. मला त्या चित्रपटाचं सगळ्यात मोठं काय वाटतं सांगू? तुकोबा म्हणजे आपल्या कामात बुडालेला माणूस, याहून जास्त कोण बुडणार? पण त्या पडद्यावर आवली तितकीच जागा अडवून उभी आहे. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि नवरा अभंगात. ती पोराला ओढत देवळात नेते आणि हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारते. दामले-फत्तेलालांनी तिला खोडून काढली नाही, तिच्यावर हसून मोकळे झाले नाहीत, तुकोबाच्या मार्गातली धोंड केली नाही. तुकोबाचा अभंग खरा आणि आवलीचा रिकामा डबा तितकाच खरा. नव्वदेक वर्षांपूर्वी, आपल्या याच गावात हे करून झालेलं आहे. आणि आमच्या आठ लघुपटांतली एकही आई एकदाही जाब विचारत नाही. ती नुसती पाटल्या काढते.

काही संयोजकांशी मी हे बोललो. एक जण म्हणाले, विद्यार्थी आहेत हो, पैसे कुठून आणणार? पैसे कोण मागतंय? मी रिक्षाचं भाडं, वेळेवर जेवण, विजेच्या बिलातला वाटा आणि पडद्यावर नीट लिहिलेलं नाव यांच्यापलीकडे गेलेलो नाही. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी रेंटलवाल्याकडे डिपॉझिट ठेवतातच ना पोरं. लेन्सला ओरखडा आला तर किती कापून घेणार हे त्यांना तोंडपाठ असतं.

दुसरे म्हणाले, एवढे नियम केलेत तर जिद्द मरेल. ही भीती मला समजते, कारण जिद्दीशिवाय पाच मिनिटांचा लघुपटही पुरा होत नाही. पण मग जिद्द कशाला म्हणायचं? फाळक्यांनी 'हरिश्चंद्रा'च्या आधी भांडवलदारांना दाखवायला एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रित करत महिनाभराहून जास्त काळ बसले. पडद्यावर एका मिनिटात रोप वर येतं. त्यापायी कोणाला पाण्यात उभं करावं लागलं नाही. (वाटाण्याला कोणी विचारलं नाही, हे मान्य.) अठराव्या टेकला रडणाऱ्या मुलीपेक्षा मला ही जिद्द अवघड वाटते, कारण हिच्यात वेळ जातो तो स्वतःचा.

आणि निवेदकांना एवढं सांगा, की कोणाच्या आईच्या बांगड्यांचा उल्लेख करण्याआधी आईला विचारा. ती नको म्हणाली तर लघुपटाबद्दल बोला, त्यासाठीच हॉल घेतलेला असतो.

आता ते राहिलेलं. समारंभाहून आल्यावर मी माझ्या जुन्या टेपा काढल्या. चालवायला यंत्र नव्हतं, एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे धूळ खात पडलेलं मिळालं. तिसऱ्या दिवसाच्या शेवटच्या टेपवर रूम टोन आहे. रूम टोन म्हणजे खोलीची शांतता. काम संपलं की सगळ्यांनी मिनिटभर न हलता उभं राहायचं आणि नुसती खोली रेकॉर्ड करायची, कारण संकलनात दोन वाक्यांच्या मधे कोरी शांतता टाकली तर कानाला खड्डा लागतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. आजींच्या स्वयंपाकघराची मी हेडफोन लावून वीस वर्षांनी ऐकली. टेपवर चित्र आहे फळीवर उपड्या घातलेल्या वाट्यांचं. लांब कुठेतरी एक स्कूटर जाते. नळाचा थेंब. मग बेचाळिसाव्या सेकंदाला दार किंचित करकरतं आणि जिन्यातून आवाज येतो, 'फ्रिज लावू का रे आता?'

त्यावर माझा आवाज आहे. 'थांबा हो आजी, टोन चाललाय.'

लघुपटात मी पहिली चाळीस सेकंदं वापरली होती.

तुमच्यासाठी सुचवलेलं ते पान मी घरी बसून माझ्याच लघुपटासाठी भरून पाहिलं. वीज, आजींच्या मीटरवरची. जेवण, आजी. घर कोणाचं, पूर्ण नाव, इथे अडलो. तीन दिवस त्यांच्या घरात जेवलो होतो आणि नाव माहीत नव्हतं, सगळे आजीच म्हणायचे. मित्राला फोन लावला. आमचं बोलणं आता दिवाळीच्या मेसेजपुरतं उरलंय. 'तुझ्या आजीचं नाव काय होतं रे?' तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, 'आत्ता?' मी कारण सांगितलं. त्याने नाव सांगितलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, आणि म्हणाला, पत्रात वगैरे छापू नकोस, तिला आवडलं नसतं. लघुपटात घाल.

घातलं आहे. माझ्या नावाच्या ओळी चाराच्या दोन केल्या, जागा झाली. नवी प्रत या आठवड्यात ज्यांच्याकडे दुसरा नंबर मिळाला होता त्यांना पाठवतो आहे, आणि सोबत ते पान, भरलेलं. शेवटचा रकाना आहे 'जाताना घर होतं तसं लावून दिलं का?' त्यापुढे 'नाही' लिहिलं आहे.

आपला,
प्राथमिक फेरीचा एक परीक्षक
पुणे